मॅड काऊ, मेंढ्यांची खाज आणि पशुखाद्याच्या गिरणीतली गळती

आंबोण (धागाकर्ता)

२०२५ मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापारी बोलण्यांत ‘मांसाहारी दूध’ (मांस-रक्त घातलेलं खाद्य खाणाऱ्या गाईंचं दूध) हा शब्द सगळीकडे फिरला, तेव्हा इथेही दोन-तीन धाग्यांवर हाणामारी झाली होती. त्यात कुणीतरी लिहिलं होतं, ‘इंग्लंडात गाईला मांस घातलं, निसर्गाने सूड घेतला.’ त्यावर ढीगभर +१. सूड वगैरे बाजूला ठेवू. मी पशुखाद्याच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो, त्यामुळे या प्रकरणातली मला झोंबणारी गोष्ट वेगळी आहे. गाईगुरांना मांस-हाडांचा चुरा घालायचा नाही, असा कायदा ब्रिटनने १९८८ च्या जुलैतच लागू केला होता. मॅड काऊ, म्हणजे बीएसई, या रोगाची ओळख पटून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. सरकारी कामाच्या मानाने हा वेग चांगलाच म्हणायचा. तरीही त्या कायद्यानंतर जन्मलेल्या चाळीस हजारांहून जास्त गुरांना तो रोग झाला. हे कसं झालं त्यासाठी हा धागा.

आधी मेंढ्या, कारण तिथला रोग जुना. स्क्रेपी इंग्लंडात अठराव्या शतकापासून माहीत आहे. दोन ते पाच वर्षांची मेंढी कुंपणाला, खांबाला अंग घासायला लागते. लोकर झडते, कातडी सोलवटते, मागचे पाय अडखळतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जनावर जातं. एक खूण बघण्यासारखी आहे. शेपटीच्या वरच्या बाजूला पाठ बोटांनी जोरात खाजवायची. रोगी मेंढी मान उचलते, ओठ हलवायला लागते, जीभ आतबाहेर करत राहते. हात काढला की थांबते.

हा रोग टोचून पसरवता येतो हे १९३६ मध्ये फ्रान्समध्ये क्विये आणि शेल या दोघा पशुवैद्यांनी दाखवलं. त्याच सुमाराला स्कॉटलंडमध्ये हेच नको तितक्या मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं. गोचिडांमुळे होणाऱ्या लूपिंग-इल नावाच्या रोगावर मेंढ्यांच्याच मेंदू-मज्जारज्जूपासून लस बनवली होती, फॉर्मालिनने विषाणू मारून. तिच्या एका बॅचच्या सुमारे १८ हजार मात्रा टोचल्या गेल्या आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यातल्या दीडेक हजार मेंढ्यांना स्क्रेपी झाला. फॉर्मालिनने विषाणू मेला होता. स्क्रेपीचं जे काही होतं ते मात्र मेलं नव्हतं.

ते ‘जे काही’ म्हणजे प्रिऑन. आपल्या सगळ्यांच्याच चेतापेशींवर एक प्रथिन असतं. ते चुकीच्या घडीत दुमडलं तर शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही त्याच घडीत ओढतं. खडीसाखरेच्या पाकात दोरा सोडला की त्याच्याभोवती खडे धरत जातात, तसं. प्रथिन आपलंच, त्यामुळे शरीर त्याला परकं समजत नाही. ताप नाही, अँटिबॉडी नाही, रक्त तपासून काही कळत नाही. वर्षानुवर्षं जनावर ठणठणीत दिसतं आणि मग मेंदूला सूक्ष्मदर्शकाखाली भोकं दिसतात.

आता गाई. डिसेंबर १९८४ मध्ये ससेक्समधल्या एका गोठ्यात क्रमांक १३३ ची गाय पाठ वाकवून उभी राहायला लागली, खंगली, मग डोकं थरथरायला लागलं, तोल जायला लागला. फेब्रुवारी १९८५ मध्ये ती मेली. त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या एका गाईचा मेंदू सप्टेंबरमध्ये वेब्रिजच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासला गेला. भोकं दिसली, पण विषबाधा असेल म्हणून फाइल तिथेच राहिली. रोग नवा आहे यावर नोव्हेंबर १९८६ मध्ये शिक्कामोर्तब झालं. जॉन वाइल्समिथ या साथरोगतज्ज्ञाने गोठे पालथे घातले. औषधं, फवारण्या, आयात केलेली जनावरं, कशाचाच मेळ बसेना. सगळ्यांत समान निघालं ते खुराकातलं एमबीएम, म्हणजे कत्तलखान्यात उरलेलं सगळं शिजवून, चरबी काढून, चोथा दळून केलेला मांस-हाडांचा चुरा. १९८७ संपेपर्यंत त्याचा निष्कर्ष तयार होता.

दुधाच्या धंद्यातल्या गाईंनाच हा रोग जास्त का झाला, तर तिथे वासरू आईपासून लवकर तोडतात आणि पहिल्या काही आठवड्यांपासून खुराकावर घेतात. मांसासाठी पाळलेल्या कळपात वासरू आईला पिऊन वाढतं. आणि एमबीएम का, तर तिकडे सोयाबीन बाहेरून आणावं लागतं आणि महाग पडतं. आपल्याकडे सरकी पेंड, शेंगपेंड, सोयापेंड दाराशी असताना हा चुरा गाईला घालणं धंद्याच्या हिशेबातच बसत नाही. आपण पुण्यवान म्हणून वाचलो असं समजायचं कारण नाही. पेंड स्वस्त होती म्हणून वाचलो.

आता माझ्या धंद्याचा भाग. १९८८ ची बंदी फक्त रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यापुरती होती. डुकरं आणि कोंबड्यांना एमबीएम चालूच. म्हणजे एकाच गिरणीत सकाळी कोंबडीचं खाद्य आणि दुपारी गाईचं. ज्यांनी प्लांट पाहिला नाही त्यांना वाटतं मशीन बंद केलं की रिकामं झालं. तसं नसतं. मिक्सर रिकामा केला तरी पात्यांना आणि कोपऱ्यांत माल चिकटून राहतो. स्क्रू कन्व्हेअरच्या तळाशी पात्याला न लागणारा थर असतोच. सगळ्यात वाईट म्हणजे बकेट एलेव्हेटरचा बूट. बादल्या जिथून माल उचलतात त्या खालच्या खोक्यात काही किलो माल पडलेला राहतो आणि पुढच्या बॅचबरोबर वर जातो. चरबीचा अंश असलेला माल तर आणखी चिकट. म्हणून आम्ही औषध घातलेलं कोंबडीखाद्य काढलं की मक्याचा भरडा नाहीतर भुसा सोडून लाइन ‘धुऊन’ घेतो आणि तो भरडा वेगळा ठेवतो. त्यात वेळ जातो, माल जातो, मालक कुरकुरतो.

ब्रिटनमध्ये तेव्हा गृहीत धरलं होतं की गाय आजारी पडायला बराच चुरा पोटात जावा लागेल, किरकोळ मिसळ झाली तर बिघडत नाही. नंतर वासरांना तोंडावाटे मात्रा देऊन प्रयोग झाले तेव्हा रोगी गाईच्या मेंदूचा एक ग्रॅमही पुरतो असं निघालं. मिरीच्या दाण्यांच्या हिशेबात मोजण्याची गोष्ट. एलेव्हेटरच्या बुटात किलोने पडलेला असतो.

त्यात आणखी दोन भोकं. कायदा १४ जून १९८८ ला निघाला आणि १८ जुलैला लागू झाला. मधले पाच आठवडे साठा संपवायला. शेतकऱ्याच्या शेडमध्ये पडलेली पोती कोण मोजतंय! दुसरं भोक मोठं. नोव्हेंबर १९८९ मध्ये गाईचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, आतडी वगैरे माणसांच्या अन्नातून बाहेर काढले. ठीक. पण हेच अवयव सप्टेंबर १९९० पर्यंत डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यात कायदेशीर होते. म्हणजे सर्वात घातक भाग माणसाच्या ताटातून निघाला आणि त्याच गिरणीच्या दारात जाऊन पडला.

तपासणार कसं? तयार खाद्यात गाईचं प्रथिन आहे का हे भरवशाने सांगणारी चाचणीच तेव्हा हाताशी नव्हती. आणि रोग दिसायला सरासरी पाच वर्षं. १९९२ मध्ये एका वर्षात ३६ हजारांहून जास्त रोगी गुरं निघाली, तो बंदीच्या आधीच्या चुऱ्याचा हिशेब होता. बंदी गळतेय हे त्या गर्दीत कसं दिसणार? बंदीनंतर जन्मलेली पहिली रोगी गाय १९९१ मध्ये सापडली तेव्हा ‘जुनं पोतं असेल’ असं म्हणून सोडून देता आलं. सगळ्याच शेतजनावरांच्या खाद्यातून हा चुरा हद्दपार झाला १९९६ मध्ये. त्यानंतर जन्मलेल्या रोगी गुरांची गणती हजारांतून शेकड्यांत आली.

एकूण हिशेब: ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून जास्त रोगी गुरं, खबरदारी म्हणून मारलेली चाळीस लाखांच्या वर, आणि माणसांत या रोगाने, म्हणजे व्हेरियंट सीजेडीने (सीजेडी हा माणसाच्या मेंदूचा प्रिऑन-रोग), १७८ मृत्यू. माणसांचं प्रकरण मुद्दाम थोडक्यात ठेवलंय. प्रतिसादांत येईलच.

---

उगाच

पहिला! वाचतोय. (धागाकर्त्याचा आयडी आंबोण आणि विषय आंबोणाचा, याला म्हणतात निष्ठा.)

---

शंकासूर

लेख छान, पण एक मूलभूत शंका. नुसतं प्रथिन स्वतःच्या प्रती काढतं हे जरा अतीच वाटतं. एखादा फार चिवट विषाणू असेल आणि तो अजून सापडला नसेल, असं का नाही? मी शाळेत शिकलो ते डीएनए-आरएनए-प्रथिन असं होतं, उलटं नव्हतं.

---

प्रथिनपुराण

@शंकासूर, तुमच्यासारखीच शंका मोठमोठ्या लोकांनी वीस-पंचवीस वर्षं घेतली.

१९६७ मध्ये लंडनला टिक्वा आल्पर आणि सहकाऱ्यांनी स्क्रेपीच्या नमुन्यांवर किरणोत्सर्गाचा मारा केला. ज्या माऱ्यात कुठल्याही विषाणूचं न्यूक्लिइक आम्ल (डीएनए किंवा आरएनए) टिकायला नको, त्यात हे टिकलं. त्याच वर्षी ग्रिफिथ या गणितज्ञाने ‘फक्त प्रथिन असेल तर ते कसं वाढू शकेल’ याचे पर्याय मांडले. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनरने प्रिऑन हे नाव दिलं आणि बरीच बोलणी खाल्ली. १९९७ मध्ये त्यालाच नोबेल मिळालं.

मला सगळ्यात पटणारा पुरावा उंदरांचा आहे. या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेले उंदीर केले आणि त्यांच्या मेंदूत स्क्रेपी टोचला. १९९३ चं काम. साधे उंदीर मेले, हे उंदीर मजेत. विषाणू असता तर त्याने यांच्यातही काहीतरी गोंधळ घातला असता. प्रथिन-प्रथिन असा खेळ असेल तर दुसरा गडीच नाही, खेळ संपला.

डीएनए-आरएनए-प्रथिन हा क्रम इथे मोडत नाही. प्रथिनाची साखळी जनुकातूनच येते. बदलते ती फक्त घडी.

---

शंकासूर

@प्रथिनपुराण, उंदरांचा मुद्दा बिनतोड आहे. मान्य.

---

रस्साभुरका

माझ्या पोटापाण्याचा प्रश्न! दर रविवारी भेजा फ्राय, अधूनमधून मुंडी. बोकडाचा भेजा, गाईचा नाही. आता काय करायचं ते स्पष्ट सांगा, आडून नको. बायको मागे उभी राहून धागा वाचते आहे.

---

गुरांचा_डॉक्टर

@रस्साभुरका, वहिनींना नमस्कार. स्क्रेपी मेंढ्या-बकऱ्यांत अडीचशेहून जास्त वर्षं माहीत आहे आणि युरोपात लोक इतकी वर्षं मेंढीची मुंडी खात आलेत. स्क्रेपीमुळे माणसाला रोग झाल्याचा पुरावा नाही. ज्या देशांत स्क्रेपी आहे आणि ज्यांत नाही, त्यांच्यात माणसांच्या सीजेडीच्या प्रमाणात फरक दिसत नाही. माणसात आला तो गाईचा रोग.

एक अपवाद नोंदवतो. फ्रान्समध्ये एका बकरीत गाईचाच, म्हणजे बीएसईचा प्रिऑन सापडला होता, २००५ च्या जानेवारीत पक्कं झालं. तीही तिथल्या खाद्याच्या साखळीतली. आपल्याकडची बकरी बांधावरचा पाला खाते. भेज्याच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरने कोलेस्टेरॉलचं काय सांगितलंय तेवढं ऐका.

आता माझा मुद्दा, जो खेड्यातल्या वाचकांच्या जास्त कामाचा आहे. गाय बिथरली, लाळ गाळतेय, गिळता येत नाही, तोल जातोय, तर आपल्याकडे पहिली शंका रेबीजची घ्यायची. घशात काहीतरी अडकलंय असं वाटून लोक तोंडात कोपरापर्यंत हात घालतात. पशुवैद्यही घालतात. घालू नका. त्यानंतर लिस्टेरिया, शिशाची विषबाधा, मॅग्नेशियम कमी होणं, किटोसिस. या यादीत बीएसई सगळ्यात खाली. बीएसईच्या गाईचं वर्णन असं असतं: धार काढताना लाथ मारते, दारातून जायला, गटार ओलांडायला कचरते, फरशीवर पाय उंच उचलून टाकते, जरा आवाज झाला की दचकते. दूध घटतं. पण ताप नाही आणि चारा बहुधा खात राहते.

जिवंतपणी खात्रीची तपासणी नाही. मेल्यावर मानेपासून डोकं वेगळं केलं की कवटीच्या मागच्या भोकातून लांब दांड्याच्या चमच्यासारखं अवजार घालून मेंदूचा देठ बाहेर काढतात. त्यात इंग्रजी व्ही आकाराची एक जागा असते, तिला ओबेक्स म्हणतात. ती जागा शाबूत मिळाली पाहिजे, नाहीतर नमुना फुकट. उन्हाळ्यात मेलेल्या जनावराचा मेंदू काही तासांत पातळ होतो, त्यामुळे हे बोलायला सोपं आहे, करायला नाही. आपल्याकडे असे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले जातात.

---

रस्साभुरका

वहिनी ‘कोलेस्टेरॉल’ शब्दावर थांबल्या आहेत. धन्यवाद डॉक्टर, उपकार झाले.

---

न्यूजर्सीकर

१९८० च्या दशकाच्या शेवटी आम्ही इंग्लंडात होतो, यांच्या नोकरीमुळे. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सरसकट सगळं खायचे, काय खातोय याचा विचारही नसायचा. मे १९९० मध्ये तिथले कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवायचा प्रयत्न केला, ते टीव्हीवर बघितल्याचं आठवतं. त्याच्या काही दिवस आधी ब्रिस्टलमधली मॅक्स नावाची सयामी मांजर अशाच रोगाने गेल्याची बातमी होती. मांजरीपर्यंत आलं तर माणसापर्यंत का नाही, असं दुकानाच्या रांगेतल्या बायका बोलत होत्या. मंत्री म्हणत होते काही धोका नाही. २० मार्च १९९६ ला आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत दहा तरुण रुग्णांची माहिती दिली आणि गाईच्या रोगाशी संबंध असण्याची शक्यता कबूल केली. तोवर आम्ही अमेरिकेत आलो होतो.

इकडे आल्यावर त्याचा उरलेला भाग भोगला. १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये तीन महिने किंवा जास्त राहिलेल्यांना इथे रक्तदान बंद. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या रक्तदान शिबिरात मी कायम नावनोंदणीच्या टेबलावर. ‘ताई, तुम्ही का नाही देत?’ याचं उत्तर नव्या मुलांना देताना ती हसायची, गाय चावली का विचारायची. मे २०२२ मध्ये ती अट काढली. मी पहिल्याच शिबिरात दिलं, वयाची अडचण यायच्या आत.

---

प्रथिनपुराण

@न्यूजर्सीकर ताई, ती अट अगदीच अतिसावध नव्हती. ब्रिटनमध्ये रक्त चढवल्यामुळे संसर्ग झाल्याच्या चार घटना नोंदल्या आहेत. म्हणून तिथे १९९९ पासून सगळ्या दान केलेल्या रक्तातून पांढऱ्या पेशी गाळून काढतात.

दुसरी गोष्ट. माणसाच्या प्रिऑन प्रथिनात १२९ व्या जागी दोन पर्याय असतात, मेथिओनिन किंवा व्हॅलिन. सुरुवातीच्या दोन दशकांत ज्या रुग्णांची तपासणी झाली ते सगळे दोन्हीकडे, म्हणजे आई-बाप दोघांकडून, मेथिओनिनवाले निघाले. २०१६ मध्ये एक मिश्र प्रकारचा रुग्ण गेला. काढून ठेवलेल्या अपेंडिक्सचे ३२ हजारांवर नमुने ब्रिटनमध्ये तपासले तेव्हा १६ मध्ये हे बिघडलेलं प्रथिन दिसलं. म्हणजे अंदाजे दोन हजारांत एक. ते लोक आजारी पडतील का, की तसेच म्हातारे होऊन जातील? बराच काळ लोटलाय आणि रुग्ण वाढले नाहीत, हे चांगलं लक्षण.

---

शंकासूर

मेंढ्यांमध्ये गाईचा रोग गेला का, याचा ब्रिटनने शोध घेतला होता ना? त्यात काहीतरी मोठा विनोद झाला होता असं अर्धवट आठवतंय.

---

आंबोण

विनोदच. भीती खरी होती, कारण तोच चुरा मेंढ्यांनीही खाल्ला होता, आणि मेंढीत गाईचा रोग आला तर तो बाहेरून स्क्रेपीसारखाच दिसणार. म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गोळा केलेल्या मेंढ्यांच्या मेंदूंचा मगज एडिंबरात उंदरांना टोचून बघत होते. काही वर्षं हे काम चाललं. निकाल वाईट दिसायला लागला. सरकारने देशातल्या सगळ्या मेंढ्या मारायची वेळ आली तर काय करायचं, त्याचा आराखडा तयार केला. ऑक्टोबर २००१ मध्ये, निकाल जाहीर व्हायच्या तोंडावर, कुणाला तरी सुचलं की एकदा डीएनए तपासून बघू. मगज मेंढ्यांचा नव्हताच, गाईचा होता!

माझ्या विभागात नव्या मुलांना पोत्यावर लेबल लावायला शिकवताना मी ही गोष्ट सांगतो. बाकीचं सगळं विसरतात, हे विसरत नाहीत.

---

उगाच

‘मेंढ्यांच्या देशात गाय सापडली’ अशी म्हण पाडायला हरकत नाही.

---

वाडा_आणि_मेंढरं

आमचं घराणं धनगराचं, माण तालुका. थोरले चुलते अजून मेंढरं घेऊन पावसाळ्यानंतर खाली उतरतात. त्यांना फोनवर विचारलं, असं अंग घासून मरणारं मेंढरू बघितलंय का? ते म्हणाले, अंग घासतं ते खरजेनं, गोचिडानं, औषध लावलं की थांबतं. घासत घासत पाय सोडून मेलेलं त्यांच्या आठवणीत नाही. पण ते असंही म्हणाले की मेंढरू पाच वर्षांचं होईपर्यंत ठेवतोय कोण, नर तर सहा महिन्यांतच बाजारात.

भारतात कधी स्क्रेपी सापडलाय का? आणि परदेशी मेंढे आणून संकर करतात, त्यातून येणार नाही का?

---

गुरांचा_डॉक्टर

@वाडा_आणि_मेंढरं, तुमच्या चुलत्यांचा दुसरा मुद्दा एकदम मोलाचा आहे. रोग दिसायच्या आधीच जनावर कापलं गेलं तर रोग आहे की नाही हे कळणारच नाही.

भारतात नोंद आहे. कुमाऊँच्या हिमालयाच्या पायथ्याशी मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याचं झ्लोटनिक आणि कटियार यांनी १९६१ मध्ये लिहिलंय. म्हणून परदेशी मेंढा आणताना तो कुठल्या कळपातला हे बघणं फार महत्त्वाचं.

स्क्रेपी कळपात पसरतो मुख्यतः विण्याच्या वेळी. वार आणि त्याच्या पाण्यात प्रिऑन असतं. ते जमिनीवर पडतं, दुसऱ्या मेंढ्या चाटतात, कोकरं तिथेच लोळतात. मेंढीच्या दुधातूनही कोकराला जातो हे नंतरच्या प्रयोगांत दिसलंय. आणि जमीन ते विसरत नाही. आइसलँडमध्ये रोगी कळप मारून, गोठे साफ करून, काही वर्षं जागा रिकामी ठेवून मग नव्या मेंढ्या आणायचे. तरी एका ठिकाणी सोळा वर्षांहून जास्त काळानंतर रोग परत उगवला. अमेरिकेत ब्राउन आणि गायडुसेक यांनी स्क्रेपीचा मगज मातीत मिसळून तीन वर्षं पुरून ठेवला होता. उकरून काढला तेव्हाही तो रोग देत होता.

---

वाडा_आणि_मेंढरं

मग त्यांनी उपाय काय केला? सगळे कळप मारत बसले का?

---

प्रथिनपुराण

उपाय मेंढीच्या रक्तातच निघाला. मेंढीच्या प्रिऑन प्रथिनात १३६, १५४ आणि १७१ या तीन जागा बघतात. तिथे ए-आर-आर हा संच दोन्हीकडून असेल तर नेहमीचा स्क्रेपी तिला जवळपास होतच नाही. व्ही-आर-क्यू असेल तर लवकर होतो. ब्रिटनने २००१ मध्ये राष्ट्रीय योजना काढून मेंढे तपासले आणि चांगला संच असलेले पैदाशीला ठेवले. आइसलँडच्या मेंढ्यांत ए-आर-आर नाहीच असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. २०२२ च्या सुरुवातीला पूर्वेकडच्या एका शेतावरच्या काही मेंढ्यांत ते सापडलं आणि आता त्यांच्यापासून पैदास चाललीय.

मेंढा रक्त तपासून निवडायचा हे आपल्याला परकं नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरं देणारं जनुक सुंदरबनच्या गारोळ मेंढीतून दख्खनी मेंढीत आणलं, तेव्हा जनावर असंच तपासून निवडलं. स्क्रेपीसाठी तेच तंत्र वेगळ्या जागेवर लावायचं.

फक्त एक धोका आहे. नॉर्वेत १९९८ मध्ये स्क्रेपीचा एक वेगळा प्रकार सापडला, तो या ‘चांगल्या’ मेंढ्यांनाही होतो. म्हाताऱ्या मेंढ्यांत, एखाददुसरीला, आपोआप झाल्यासारखा. तो कळपात फारसा पसरत नाही एवढं बरं.

---

धारोष्ण

दहा म्हशी, चार गाई. धागा वाचून पोती उलटीपालटी करून बघितली. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर डायकॅल्शियम फॉस्फेट लिहिलंय. दुकानदार म्हणतो हाडापासून बनतं. मग आम्ही पण गाईला हाडंच घालतोय की!

---

आंबोण

@धारोष्ण, डीसीपी दोन प्रकारचं मिळतं, बाजारात ‘रॉक बेस’ आणि ‘बोन बेस’ म्हणतात. रॉक बेस म्हणजे खडकातल्या फॉस्फेटपासून. बोन बेस हाडांपासून, पण हाडं आम्लात विरघळवून, चुन्याने फॉस्फेट खाली बसवून काढतात. नीट केलेल्या मालात प्रथिन आणि चरबी यांचा अंशही राहू नये. तसा असेल तर जागतिक पशुआरोग्य संघटना त्याला बीएसईच्या दृष्टीने सुरक्षित मालांत धरते. भीती असते ती नुसत्या दळलेल्या हाडाच्या चुऱ्याची, जो स्वस्तात ‘कॅल्शियम’ म्हणून खपवतात. हातात घेऊन वास बघा. डीसीपीला वास नसतो, पांढरा-राखाडी सुका माल. चुरा असेल तर तेलकट, खवट वास येतो आणि भिंगातून तंतू दिसतात. शंका असेल तर रॉक बेस मागा, बिलावर लिहून घ्या.

---

शंकासूर

आता मूळ भांडणाकडे. अमेरिकेचं दूध आपण अडवतोय ते बीएसईच्या भीतीने की धर्माच्या नावाने? दुधातून हा रोग येतो का?

---

आंबोण

गाईच्या दुधातून येत नाही. दूध सुरक्षित मालांच्या यादीत आहे आणि ब्रिटनमध्ये साथीच्या भरात रोगाचा संशय असलेल्या गाईंचं दूध तेवढं बंद होतं, बाकीचं चालूच होतं. भारताची अट अशी आहे की ज्या जनावराचं दूध, त्याला रवंथ करणाऱ्या जनावरांचे अवयव, रक्ताची भुकटी, उती घातलेलं खाद्य कधीही दिलेलं नाही असा दाखला हवा. तिचं कारण धार्मिक-सांस्कृतिक म्हणूनच सांगितलं जातं. अमेरिका म्हणते याला विज्ञानाचा आधार नाही. दुधापुरतं ते बरोबर आहे. पण त्यांनी १९९७ मध्ये स्वतः बंदी घातली त्यात गाईच्या रक्तापासून केलेले पदार्थ वगळले, ते वासरांच्या दूधपर्यायात जातात. कोंबड्यांच्या शेडमधला सांडलेल्या खाद्यासकटचा केरही गुरांना घालता येतो आणि कोंबडीखाद्यात एमबीएम चालतं. बुटातल्या मालाचं वर लिहिलंय, ते परत वाचा आणि मग मला सांगा.

आणखी एक, आणि माझ्या मते हा मुद्दा सगळ्यात कमी बोलला जातो. गाईतही एक आपोआप होणारा प्रकार आहे, म्हाताऱ्या गाईंत, फार विरळ. ब्राझीलमध्ये आणि इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये २०२३ साली निघाले ते हेच. खाद्याशी संबंध नाही, कुठल्याही देशात होऊ शकतो. आपल्याकडे म्हाताऱ्या गाई इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त, म्हणजे अशी एखादी आपल्याकडे कधीच झाली नसेल असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही. २०१० पासून भारत जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या ‘नगण्य धोका’ वर्गात आहे. पण त्या एका गाईचा मेंदू दळून हजार वासरांच्या तोंडी गेला तरच साथ होते. ब्रिटनमधल्या सरकारी फिलिप्स चौकशीनेही २००० मध्ये ब्रिटनच्या साथीचं मूळ असंच मांडलं होतं: सत्तरच्या दशकातली कुठलीतरी एखादी गाय, आणि मग तिचा चुरा, त्या चुऱ्यातून झालेल्या गाईंचा चुरा. दाखल्यामागचं कारण काही असो, ती साखळी तोडणारी अट मला हवी आहे.

---

शंकासूर

म्हणजे कारण चुकीचं, अट बरोबर. भांडायला मजा नाही राहिली.

---

धारोष्ण

@आंबोण, बिल बघितलं. नुसतं ‘मिनरल मिक्स्चर’ लिहिलंय, रॉक-बोन काहीच नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो कंपनीला फोन करा. वास येत नाही, पण एका पिशवीत बारीक काळपट कण आहेत.

---

आंबोण

काळपट कण बहुतेक सूक्ष्मखनिजांचे, लोह-मँगनीजचे असतील. चमचाभर काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून ढवळा आणि अर्धा तास ठेवा. वर तेलकट तवंग किंवा तरंगणारे तंतू आले तर फोटो टाका, आणि ती पिशवी तोवर म्हशींना देऊ नका.